काल सेव्ह केलेला आवाज आज वेगळा का वाजतो? कीबोर्डमधले पॅच आणि लपलेल्या सेटिंग्ज

दुसऱ्या नोरत्याला, म्हणजे नवरात्रातल्या गरब्याच्या दुसऱ्या रात्री, हमखास येणारा फोन: "काका, काल साउंडचेकला शहनाई आणि स्ट्रिंग्ज एकत्र लावली होती, सेव्हपण केली. आज त्याच नंबरवर भलतंच वाजतंय." गणपतीत भावगीतांच्या कार्यक्रमाला हीच तक्रार बासरीची असते, दिवाळी पहाटेला ऑर्गनची. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या आपल्या भागांतली बरीच मुलं एकाच कीबोर्डवर हे तिन्ही हंगाम काढतात, आणि तो कीबोर्ड पुष्कळदा भाड्याचा किंवा मंडळाचा असतो. त्यामुळे पहिला संशय "कुणीतरी हात लावला" असा येतो. कधी तो खराही ठरतो. पण आधी बाकीचं तपासून घ्या.

अशा तक्रारींत आवाज खरोखर पुसला गेलाय असं क्वचितच निघतं. एकतर तो कायमच्या जागी लिहिलाच गेलेला नसतो, किंवा जागेवर असतो पण वरची एखादी सेटिंग त्याचं रूप बदलत असते. दोन्हींवर फॅक्टरी रिसेट हा उपाय नाही. रिसेटने जे शाबूत होतं तेही जातं. स्टेजवर साउंडवाला, गायक, ढोलवाला सगळे "रिसेट मार ना" म्हणतील. त्या वेळी ऐकू नका.

सेव्ह केलं, पण कुठे?

पॅच (म्हणजे कीबोर्डमधला एक तयार आवाज) निवडला की सिंथ त्याची एक प्रत तात्पुरत्या जागेत उघडतो. हा एडिट बफर. कटऑफ फिरवा, अटॅक कमी करा, रिव्हर्ब वाढवा, सगळं या प्रतीवर होतं. मूळ पॅच होता तसाच राहतो. दुसरा पॅच निवडला किंवा वीज गेली की प्रत गेली. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. स्क्रीनवरच्या खुणेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. रोलँडच्या जेव्ही आणि एक्सपी मालिकेत पॅच बदललेला पण न लिहिलेला असेल तर छोटी चांदणी दिसते, यामाहाच्या मोटिफमध्ये ई हे अक्षर दिसतं. साउंडचेक संपवून चहाला जाताना ही खूण दिसत असेल तर अजून काहीच सेव्ह झालेलं नाही.

खूण असतानाच चुकून दुसरा पॅच दाबला गेला, तर कीबोर्ड बंद करू नका. मोटिफ आणि एमओएक्सएफच्या जॉब मेन्यूत रिकॉल आहे, तो शेवटचं एडिट परत आणतो. ही सोय नवी नाही, १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्येसुद्धा फंक्शन दाबून ९ नंबरच्या बटणावर एडिट रिकॉल होतं. मॅन्युअलमध्ये ते पान असतं, पण मॅन्युअल भाड्याच्या कीबोर्डबरोबर कधी आलंय?

आता फेव्हरिट बटण. सध्या दिसणाऱ्या रोलँडच्या एक्सपीएस आणि जुनो मालिकेतल्या कीबोर्डांवर ते असतं, आणि पुष्कळ मुलं त्यालाच सेव्ह समजतात. फेव्हरिटमध्ये फक्त "हा नंबर चटकन काढ" एवढंच नोंदलं जातं, तुम्ही फिरवलेले नॉब त्यात येत नाहीत. रात्री फेव्हरिटला टाकून लगेच वाजवून पाहिलं तर आवाज बरोबर वाजतो, कारण बफर अजून ताजा असतो. सकाळी चालू केलं की कारखान्याचा कोरडा पॅच समोर येतो. आधी राइट करून यूझर नंबरवर (स्वतःचे पॅच लिहायच्या जागेवर) ठेवा आणि मग तो यूझर नंबर फेव्हरिटला टाका, हा क्रम बदलून चालत नाही.

राइट दाबूनही यंत्र नकार देत असेल तर मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे लिहिण्यावरचं कुलूप, बघा. डीएक्स-७ दरवेळी चालू झाला की प्रोटेक्ट लावूनच उठतो. काल बंद केलं होतं म्हणून आज बंद असेल असं तिथे नसतं. कॉर्ग एम-१ मध्ये ते ग्लोबल मोडमध्ये आहे, रोलँड डी-५० मध्ये फंक्शनच्या पानांत, जुनो-१०६ मध्ये चक्क मागच्या बाजूला स्विच आहे. मागे स्विच आहे हे माहीत नसलेला माणूस पुढच्या बटणांशी तासभर झगडतो.

आणि राइट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. पार्टीप्लॉटवर लाइटवरून जनरेटरवर बदल करताना क्षणभर झटका बसतो, तेवढ्यात लिहिणं अर्धं राहिलं तर मेमरी बिघडू शकते. साउंडचेकच्या वेळचं सगळं लिहिणं बदलाच्या आधी किंवा नंतर करा. छोटा यूपीएस कीबोर्डला लावला तर त्याहून बरं.

पॅचमध्ये भरदार, परफॉर्मन्समध्ये मेलेला

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. सुरुवातीच्या फोनवरची शहनाईसुद्धा बहुतेक वेळा इथेच अडकलेली असते.

परफॉर्मन्समध्ये, म्हणजे अनेक पॅच एकत्र वाजवायच्या मांडणीत (कॉर्गवर त्याला कॉम्बिनेशन म्हणतात), पॅच राहत नाही, त्याचा फक्त पत्ता राहतो. "पार्ट १ ला यूझर १२, पार्ट २ ला प्रीसेट स्ट्रिंग्ज, एवढा व्हॉल्यूम, एवढी रेंज" असं त्यात लिहिलेलं असतं. यूझर १२ वर तुमची शहनाई होती तोवर ठीक. मंडळातल्या दुसऱ्या कुणी त्याच नंबरवर आपला बेस लिहिला की तुमचा परफॉर्मन्स त्या पत्त्यावर जातो आणि तिथे बेस राहायला आलेला असतो. परफॉर्मन्सला कुणी हातही लावला नाही, तरी आवाज बदलला. १९८८ च्या एम-१ पासून ट्रायटनपर्यंत आणि रोलँडच्या जेव्हीपासून पुढे हीच रचना आहे. एक यूझर पॅच बदलला की त्याच्यावर उभे असलेले सगळे परफॉर्मन्स बदलतात.

तपासायचं असं. परफॉर्मन्समध्ये त्या पार्टचा पॅच नंबर आणि नाव वाचा. नाव भलतंच असेल तर शहनाई दुसऱ्याने पुसली आहे, बॅकअपमधून तेवढी परत घ्या. नाव बरोबर पण आवाज वेगळा असेल तर पुढचं वाचा.

परफॉर्मन्समध्ये असतानाच आत शिरून पॅच बदलता येतो, आणि त्यात एक खड्डा आहे. पॅचचं एडिट आणि परफॉर्मन्सचं एडिट ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही वेगवेगळी लिहावी लागतात. नुसता परफॉर्मन्स लिहिला तर पार्टचा व्हॉल्यूम आणि पॅन राहतात, पॅचमध्ये केलेली कलाकुसर जाते. आधी पॅच लिहा. तो नव्या नंबरवर लिहिला असेल तर पार्टमध्ये तोच नवा नंबर दिसतोय ना हे बघा, आणि मग परफॉर्मन्स लिहा.

दुसरं कारण इफेक्टचं. जेव्ही-१०८० आणि एक्सपी-८० मध्ये मोठा इफेक्ट प्रोसेसर एकच आहे. पॅच मोडमध्ये तो पूर्णपणे त्या पॅचच्या दिमतीला असतो. परफॉर्मन्समध्ये तोच एक प्रोसेसर सगळ्या पार्टमध्ये वाटून घ्यावा लागतो, आणि त्याची सेटिंग कुठून घ्यायची हे इएफएक्स सोर्स नावाच्या पॅरामीटरवर ठरतं: परफॉर्मन्सची स्वतःची, की अमुक पार्टच्या पॅचची. कारखान्याचा रॉक ऑर्गन पॅच मोडमध्ये गुरगुरतो, कारण त्यात रोटरी आणि ओव्हरड्राइव्ह आहे. परफॉर्मन्समध्ये घेतला की इफेक्ट निघून जातो आणि उरतो तो शाळेतल्या प्रार्थनेचा ऑर्गन. सोर्स त्या पार्टवर नेला की जीव परत येतो. मात्र एकाच पार्टचं भलं होतं, दुसऱ्याला उरलेल्या कोरस-रिव्हर्बवर भागवावं लागतं. पुढच्या जेव्ही-२०८० मध्ये असे तीन प्रोसेसर दिले, त्यामुळे तिथे ही ओढाताण कमी होते. कॉर्ग ट्रायटनवरही प्रोग्रामचा (कॉर्ग पॅचला प्रोग्राम म्हणतं) इन्सर्ट इफेक्ट कॉम्बिनेशनमध्ये आपोआप येत नाही, तो कॉपी करून आणावा लागतो. माझं मत विचाराल तर गरब्यासाठी परफॉर्मन्स बांधताना इफेक्ट पहिल्यांदा ठरवावेत आणि आवाज नंतर निवडावेत. लोक नेमकं उलट करतात आणि मग आवाजाला दोष देतात.

तिसरं कारण व्हॉइस संपण्याचं. जेव्ही-१०८० मध्ये ६४ व्हॉइस आहेत, म्हणजे एका वेळी आवाजाचे तेवढेच थर वाजू शकतात. एका पॅचमध्ये चार टोन (पॅच ज्यांतून बनतो ते थर) चालू असतील तर एका सुराला चार व्हॉइस लागतात, म्हणजे एका वेळी सोळा सूर. असे दोन पॅच लेयर केले की आठ. दोन्ही हातांची कॉर्ड, वर सस्टेन पेडल, की आधीचे सूर कापले जातात आणि गायक म्हणतो "स्ट्रिंग्ज मध्येच गायब होतात". यात पॅच किंवा यंत्र कशाचाच बिघाड नाही. लेयरमधल्या प्रत्येक पॅचचे दोन टोन बंद करून बघा, भर गर्दीत कुणाला फरक कळणार नाही.

सगळंच बेसूर, किंवा सगळंच दबलेलं

एकच पॅच बिघडला असेल तर दोष पॅचमध्ये शोधा. सगळे पॅच एकदम बिघडले असतील तर तो सिस्टिम किंवा ग्लोबल पानांतला मामला आहे. हा फरक पहिल्या मिनिटात करून टाका, बराच वेळ वाचतो.

भावगीतांच्या कार्यक्रमात जुन्या पेटीशी जुळवण्यासाठी कुणी मास्टर ट्यून ४४२ हर्ट्झवर नेतो आणि तिथेच ठेवतो. ४४० च्या आसपास एक हर्ट्झ म्हणजे जवळपास चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). दोन हर्ट्झचा फरक एकट्या कीबोर्डवर जाणवत नाही. दुसरा कीबोर्ड किंवा ट्रॅक बरोबर वाजला की लाटा ऐकू येतात. सिस्टिममध्ये लिहिलेलं ट्यूनिंग कुठलाही पॅच निवडला तरी बदलत नाही. स्केल ट्यूनचंही तसंच: एखादा स्वर मुद्दाम उतरवून ठेवलेला असतो आणि पुढच्या माणसाला वाटतं की गंधारच बिघडला आहे. गायिकेची काळी दोन म्हणून लावलेला ट्रान्स्पोजही बघून घ्या. ऑक्टेव्ह आणि ट्रान्स्पोज दोन्हींची बटणं बहुधा शेजारी असतात, दिवा पेटलेला असतो, पण स्टेजच्या लाइटमध्ये तो दिसत नाही.

यामाहाच्या अरेंजर (ताल आणि साथ आपोआप देणाऱ्या) कीबोर्डांवर फ्रीझ आणि कॉर्गच्या पीए मालिकेवर लॉक अशी सोय आहे. ती चालू असेल तर रजिस्ट्रेशन (एका बटणावर जपलेली आवाज-तालाची मांडणी) किंवा सेट बदलला तरी काही गोष्टी, जसं ट्रान्स्पोज किंवा ताल, जागच्या हलत नाहीत. "रजिस्ट्रेशन बरोबर लागत नाही" या तक्रारीत हे सगळ्यात आधी बघावं.

आवाज दबलेला असेल तर एक्स्प्रेशन पेडल बघा. ते काढलं तरी शेवटची किंमत कधीकधी तशीच राहते. पेडल एकदा पूर्ण दाबा किंवा सीसी ११ ला (मिडीतला एक्स्प्रेशनचा संदेश; मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत) पूर्ण किंमत पाठवा, ती १२७ असते. दुसऱ्या कंपनीचं पेडल असेल तर यामाहा आणि रोलँडची आतली जोडणी वेगळी असते, म्हणून ते अर्धवट काम करतं. सस्टेन पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असतील, तर यंत्र चालू करताना पाय त्यावर होता. बंद करा, पाय काढा, चालू करा.

यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत दोन चाव्या लपलेल्या आहेत. सर्वात उजवीकडची पांढरी पट्टी दाबून चालू केलं तर जपून ठेवलेल्या सेटिंग्ज, रजिस्ट्रेशनसुद्धा, पुसल्या जातात. म्हणून कीबोर्डवर नोटेशनची वही उघडी ठेवून स्विच लावू नका. सर्वात डावीकडची पट्टी दाबून चालू केलं तर ऑटो पॉवर ऑफ रद्द होतो. ही दुसरी उपयोगी आहे, कारण त्या मालिकेत अर्धा तास कुणी पट्टी दाबली नाही तर यंत्र आपोआप बंद होतं, आणि आरती, भाषण, बक्षिसं यांना अर्धा तास सहज जातो. इतर कंपन्यांच्या पुष्कळ यंत्रांत ही मुदत चार तासांची असते. तालमीला दुपारी चालू करून ठेवलेला कीबोर्ड संध्याकाळी बंद दिसतो आणि न लिहिलेलं एडिट त्याच्याबरोबर गेलेलं असतं.

पॅच आपोआप बदलतो

भुताटकी नाही, मिडीची केबल आहे. ऑक्टोपॅडवाल्याने (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणाऱ्याने) किट बदलली की त्याच्याकडून प्रोग्राम चेंज, म्हणजे पॅच बदलायचा संदेश, निघू शकतो. कीबोर्ड त्याच चॅनेलवर ऐकत असेल तर ढोलाच्या किटवरून डाकल्याच्या (गुजराती तालवाद्याच्या) किटवर गेल्याबरोबर तुमची शहनाई बदलून भलता आवाज लागतो. कीबोर्डच्या मिडी पानावर प्रोग्राम चेंज घेणं बंद करा, किंवा दोघांचे चॅनेल वेगळे ठेवा.

कॉम्प्युटरवरून पॅच बोलावताना चुकीचा लागत असेल तर दोन शक्यता. मिडीत नंबर शून्यापासून १२७ पर्यंत असतात आणि स्क्रीनवर एकपासून १२८, त्यामुळे एकाचा फरक पडतो. शेजारचाच पॅच लागत असेल तर हेच. पूर्ण वेगळ्या जातीचा आवाज आला तर बँक (पॅचचा गट) चुकली: सीसी ० आणि सीसी ३२ प्रोग्राम चेंजच्या आधी जायला हवेत. आणि कीबोर्ड स्वतः मुका पण कॉम्प्युटरवरून वाजतोय, असं असेल तर लोकल कंट्रोल (पट्ट्यांना आतल्या आवाजाशी जोडणारी सेटिंग) बंद झालाय.

नॉबचा आवाज एकदम उडी मारतो ही तक्रार वेगळी. पॅच आठवणीतून आला तरी नॉब हाताने ठेवला तिथेच असतो, त्याला स्पर्श केला की किंमत तिथे उडी घेते. कॉर्ग मिनीलॉगमध्ये नॉब मोड जंपवरून कॅचवर नेला की उडी थांबते.

भाड्याचा कीबोर्ड आणि बॅकअप

कीबोर्ड हातात आला की मालकाचा बॅकअप आधी घ्या, मग आपला भरा. परत देताना मालकाचा भरून द्या. पुढच्या वर्षी तोच माणूस चांगला पीस बाजूला काढून ठेवतो. पेनड्राइव्ह कीबोर्डवरच फॉरमॅट करा; कॉम्प्युटरवर एक्सफॅट केलेला पुष्कळ कीबोर्ड ओळखतच नाहीत. पूर्ण रिस्टोअर म्हणजे सगळ्या यूझर पॅचवर नवं लिहिणं, हे लक्षात असू द्या. आणि आयात केलेले नमुने (सॅम्पल) किंवा एक्सपान्शन (जादा आवाजांचे बोर्ड) समोरच्या यंत्रात नसतील तर पॅच येतो पण वाजत नाही. एसआर-जेव्ही८०-१४ या आशियाई वाद्यांच्या बोर्डवर बांधलेला सतारीचा पॅच बोर्ड नसलेल्या जेव्हीवर नेला तर नाव दिसेल, आवाज शून्य.

मंडळाच्या कीबोर्डवर नंबर वाटून घ्या. शेवटचे वीस-तीस यूझर नंबर आपले, नावाच्या आधी दोन अक्षरांची खूण, आणि त्याची यादी कागदावर, झाकणाच्या आत चिकटवलेली. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी याच गावात गायनशाळा काढली आणि मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवून गाणं कागदावर आणलं. आपल्याला वीस नंबर लिहायचा कंटाळा येतो.

पेनड्राइव्हची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांसाठी सिसेक्स डंप घ्यावा लागतो, म्हणजे मेमरीतले आवाज मिडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावे लागतात. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्ररियन. डीएक्स-७ च्या ३२ आवाजांचा डंप बरोबर ४१०४ बाइटचा असतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे तो सव्वा सेकंदाच्या आसपास संपायला हवा. फाइल लहान भरली तर दोष बहुधा स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलचा असतो. सूर वाजवायला ती चालते, लांब संदेशात मात्र बाइट गाळते. रोलँडच्या जुन्या यंत्रांत डिव्हाइस आयडी १७ हवा. तो कुणी बदलला असेल तर यंत्र डंप गिळूनही ढेकर देत नाही, कुठली चूकही दाखवत नाही.

या जुन्या यंत्रांची आठवण तीन व्होल्टच्या सीआर२०३२ बॅटरीवर टिकते. आवाज एकेक करून विचित्र होऊ लागले, नावांत भलती अक्षरं दिसू लागली की ती संपत आली. डीएक्स-७ वर फंक्शनमधलं १४ नंबरचं बटण बॅटरीचा व्होल्टेज दाखवतं; २.७ च्या खाली गेला तर हंगामाच्या आधी बदला, मधल्या नोरत्यांना नाही. ती टाका मारून बसवलेली असते. नव्या सेलला थेट टाका मारू देऊ नका, होल्डर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रू उघडले की काम झालं. बॅटरी काढण्याआधी डंप घ्यायचा. नवी लावल्यावर मेमरीत कचरा दिसेल, तो साहजिक आहे. डंप परत पाठवताना डीएक्स-७ वर दोन गोष्टी आधी कराव्या लागतात: मेमरी प्रोटेक्ट बंद, आणि फंक्शन ८ मध्ये सिस इन्फो अव्हेलवर. त्याशिवाय तो काहीच घेत नाही.